जाळी मेली नाही, मारली

सोलापूरहून ताईचा फोन आला. "अरे, गाडीचा पिवळा दिवा लागलाय. कॅटकॉन गेला म्हणतात. 46,800 रुपये सांगितलेत. उद्या दुपारपर्यंत हो की नाही ते कळवा म्हणाले." मी एवढंच विचारलं, की त्यांनी तपासलं काय काय? ती म्हणाली, "मशीन लावलं, दोन मिनिटांत काढलं, आणि सांगितलं."

त्या दोन मिनिटांचा मला संताप आहे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड मी 27 वर्षं शिकवला. पहिल्या आठवड्यात पोरांना सांगायचो, की बिघाड सापडल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. आज कंपनीच्या काचेच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गणवेश घातलेला माणूस नेमकं उलटं करतो. स्कॅनरवर पी 0420 हा कोड दिसला की तो सर्वांत महागडा भाग बिलात लिहितो आणि माझ्या ताईसारख्या निवृत्त नर्सच्या पुढ्यात सहीला ठेवतो. याला दुरुस्ती म्हणायला मी तयार नाही. हा अंदाज आहे आणि त्याची किंमत गिऱ्हाईक भरतं.

पी 0420 म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या, कारण याच कोडवर सगळा धंदा चालतो. सायलेन्सरच्या वाटेवर, इंजिनाजवळ, एक पत्र्याचा डबा असतो, तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजेच कॅटकॉन. त्यात सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची वीट असते. आपल्याकडे तिला जाळी म्हणतात. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ थर असतो. इंजिनातून येणारा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेलं पेट्रोल ती जाळून टाकते, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून ऑक्सिजन सोडवून साधा नायट्रोजन बाहेर पाठवते. अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय ती कामाला लागत नाही, आणि एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा हे प्रमाण बिघडलं की तिन्ही कामं तिला एकदम जमत नाहीत. डब्याच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर, नंतर दुसरा. पुढचा सेन्सर 0.1 आणि 0.9 व्होल्टच्या दरम्यान सारखा खालीवर होतो. जाळी धडधाकट असेल तर मागचा 0.6-0.7 च्या आसपास शांत बसतो, कारण मधला ऑक्सिजन जाळीने साठवून घेतलेला असतो. मागचा पुढच्यासारखाच नाचायला लागला की गाडीच्या संगणकाला शंका येते आणि तो कोड टाकतो.

शंका येते, एवढंच. सायलेन्सरचा सांधा गळत असेल तरी ती येते, मागचा सेन्सर म्हातारा झाला तरी येते, पेट्रोलचं प्रमाण बिघडलं तरी येते. ताईला हे फोनवर सांगितलं तर ती तडकली, "म्हणजे 102 ताप दिसला म्हणून यांनी थेट पोट फाडायला घेतलंय." तिने 31 वर्षं सरकारी दवाखान्यात काढली आहेत, त्यातली बरीचशी मुलांच्या वॉर्डात. तिला दुसरं उदाहरण द्यावं लागलं नाही.

मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने सोलापूरला गेलो.

ताईची गाडी 2013 च्या दिवाळीत घेतलेली, पेट्रोलवरची, 92 हजार किलोमीटर झालेली. हे वर्ष महत्त्वाचं आहे. एप्रिल 2010 मध्ये देशातल्या 13 शहरांत बीएस-4 हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि त्या 13 मध्ये सोलापूर होतं. एप्रिल 2013 पासूनच्या बीएस-4 गाड्यांत संगणकावर जाळीची राखण करण्याचीही जबाबदारी आली. त्याआधीच्या गाडीत जाळी वितळून गेली तरी दिवा लागेलच असं नाही. म्हणजे ताईच्या गाडीत निदान करायला लागणारं सगळं कंपनीने बसवून दिलेलं होतं. ते वाचायचे कष्ट तेवढे कोणी घेतले नव्हते.

पहिला प्रश्न मी गाडीला नाही, ताईला विचारला. याआधी कधी दिवा लागला होता का? ती म्हणाली, चार महिन्यांपूर्वी लुकलुकत होता, गाडी चढावर धक्के द्यायची. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने मशीन लावून दिवा घालवला, खराब पेट्रोल भरलं गेलं असेल म्हणाला आणि 300 रुपये घेतले.

मला तिथेच उत्तर मिळालं. स्थिर पेटलेला पिवळा दिवा सांगतो की सवडीने दाखवा. लुकलुकणारा दिवा सांगतो की एखादा सिलिंडर मिसिंग करतोय, न जळालेलं पेट्रोल थेट जाळीवर पडतंय, आणि या क्षणी जाळी मरते आहे. ते पेट्रोल जाळीत जाऊन पेटतं. चौदाशे अंशांच्या पुढे गेलं की सिरॅमिक वितळतं. ज्या माणसाने तो कोड पुसला त्याने धोक्याची घंटा कापून टाकली आणि त्याबद्दल मजुरी घेतली. कोड पुसणं ही दुरुस्ती नाही. शेकडो गॅरेजांत रोज ती दुरुस्ती म्हणून विकली जाते.

आता तपासणी. सर्व्हिस सेंटरने जी केली नाही ती करायला मला एक सकाळ लागली, आणि माझ्याकडे साधा स्कॅनर, एक प्रेशर गेज, बारीक कॅमेरा, व्हॅक्यूम क्लीनर आणि साबणाचं पाणी एवढंच होतं. गाडी चालू करून मिसिंगचे आकडे पाहिले. तिसऱ्या सिलिंडरचा आकडा चढत होता, बाकी तीन शून्यावर. तिसऱ्याची ठिणगी देणारी कॉइल पहिल्यावर घातली, पहिल्याची तिसऱ्यावर. मिसिंग पहिल्यावर आलं. म्हणजे कॉइल गेलेली. ही तपासणी माझी दुसऱ्या सेमिस्टरची मुलं दहा मिनिटांत करायची. सर्व्हिस सेंटरचा स्कॅनर माझ्यापेक्षा कितीतरी भारी असणार; त्यांनी तो एक कोड वाचून मिटून ठेवला.

इथे थांबून विचार करा. त्यांचा सल्ला ऐकून ताईने 46,800 मोजले असते तर नवी जाळी त्याच मेलेल्या कॉइलखाली बसली असती. तीही वितळली असती. मग त्यांनी काय सांगितलं असतं? पेट्रोल खराब, रस्ते खराब, मॅडम तुम्ही गाडी फार कमी चालवता. गाडी जुनी झाली, आता एक्स्चेंजमध्ये काढा. मी हे वाक्य इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलं आहे, की ते काउंटरच्या पलीकडे शिकवलं जातं याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

कॉइल सापडली म्हणून मी जाळीला निर्दोष सोडलं नाही. सायलेन्सरच्या शेपटीला व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू लावली आणि सांध्यांवर साबणाचं पाणी टाकलं. बुडबुडे नाहीत, म्हणजे गळती नाही. हे पाहणं जरुरीचं, कारण गळक्या सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. पन्नास रुपयांच्या गॅसकेटपायी पन्नास हजारांचा डबा बदलला जातो. पेट्रोलचं प्रमाण संगणक किती ओढूनताणून सांभाळतोय ते पाहिलं. कॉइल बदलल्यावर ते दोन्ही बाजूंनी पाच टक्क्यांच्या आत आलं. डिपस्टिक पाहिली, ऑइल कमी होत नव्हतं. इंजिन ऑइल खात असेल तर त्यातलं फॉस्फरस जाळीवर बसतं आणि थर मारतं. हेड गॅसकेटमधून कूलंट झिरपत असेल तरी तेच. रिंगा गेलेल्या इंजिनावर नवी जाळी चढवणं हा गिऱ्हाइकाचा विश्वासघात आहे. मग गाडी गरम करून अर्धा तास फिरवली आणि मागचा सेन्सर पाहिला. तो पुढच्याच्या तालावर नाचत होता. शेवटी पुढचा सेन्सर काढून त्याच्या जागी गेज बसवला. चालू गाडीला तिथे दीड पीएसआयच्या आत दाब हवा, 2500 आरपीएमवर तीनच्या आत. गेजने साडेपाच दाखवले. त्याच भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला तर पोळ्याची एक बाजू काचेच्या गोळ्यासारखी बसलेली दिसली.

तर जाळी गेलेलीच होती. सर्व्हिस सेंटरचा अंदाज बरोबर निघाला, आणि याचं श्रेय मी त्यांना द्यायला तयार नाही. जाळी गेली हे त्यांना माहीत नव्हतं. का गेली हे तर त्यांनी विचारलंच नव्हतं. ती स्वतःहून सहसा मरतच नाही. तिच्यात हलणारा एकही भाग नाही. तिला मिसिंग मारतं, ऑइल मारतं, कूलंट मारतं, सांध्याला फासलेलं भलतं सिलिकॉन मारतं, खालून बसलेला दगडाचा ठोका मारतो. मारेकरी मोकळा ठेवून फक्त प्रेत बदलणं हा आज या धंद्याचा शिरस्ता झाला आहे.

दुसरा शिरस्ता याहून वाईट, आणि तो मला माझ्याच विद्यार्थ्याच्या गॅरेजात भेटला. हुशार पोरगा, हातात कला, दोन पोस्ट टाकून स्वतःचा रॅम्प केलेला. मी गाडी तिथे नेली कारण खालून काम करायचं होतं. तो म्हणाला, "सर, कशाला एवढा खर्च? जाळी फोडून देतो, अडीच हजारांत. मागच्या सेन्सरला स्पेसर टाकला की दिवा लागत नाही. पिकअप बघा कसा येतो."

मी त्याला विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? तो म्हणाला, "सगळेच करतात, सर."

पिकअप येतो, हे खरं. चोंदलेला डबा मोकळा केला की इंजिन श्वास घेतं. पण धडधाकट जाळी असतानाही हाच पिकअपचा बहाणा सांगून ती फोडली जाते, आणि तेव्हा ते निव्वळ खोटं असतं; चांगली जाळी ताकदीतलं जाणवेल एवढं काही खात नाही. स्पेसर म्हणजे तर सरळ फसवणूक. सेन्सरला गॅसच्या धारेपासून लांब सरकवायचं, म्हणजे त्याला काही कळत नाही, आणि संगणकाला वाटतं सगळं ठीक आहे. गाडी मालकाशी खोटं बोलायला लागते आणि ते खोटं बसवून द्यायचे पैसे मालकच देतो.

फोडलेल्या जाळीचा चुरा कुठे जातो हेही सांगतो. भंगारवाला किलोवर घेतो. इको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीला जात होते त्या बातम्या गुजरात-महाराष्ट्रात सगळ्यांनी वाचल्या. चोर ज्याला माती म्हणतात ती हीच. मार्च 2021 मध्ये ऱ्होडियमचा भाव एका औंसाला, म्हणजे 31 ग्रॅमना, 29 हजार डॉलरच्या घरात गेला होता. तेव्हा जो मेकॅनिक अडीच हजारांत जाळी फोडून देतो आणि चुरा घेऊन जा असं म्हणत नाही, तो दोन्ही बाजूंनी कमावतो. जुना डबा मालकाचा असतो. सर्व्हिस सेंटर असो की रस्त्यावरचं गॅरेज, तो मागून घ्या, आणि देत नसतील तर काम तिथे करू नका.

विद्यार्थ्याला काय बोलायचं याचा मी शोध घेत होतो, तेवढ्यात सोबत आलेली ताईच बोलली. तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, "बाळा, मी एकतीस वर्षं लहान मुलांना नेब्युलायझर लावलेत. हिवाळ्यात एका खाटेवर दोन-दोन मुलं असायची. माझ्या गाडीतून तो धूर निघणार असेल तर मी ती गाडी विकणारही नाही, कापून टाकीन." पोरगा खाली बघत राहिला.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात इतर वायूंशी मिसळून ओझोन करतात, आणि सोलापूरला उन्हाची कमतरता नाही. दवाखान्यात त्याची नोंद दमा म्हणून होते, कुठल्या गाडीचा म्हणून होत नाही, एवढ्याच जोरावर फोडणारे मोकळे राहतात.

आणि पीयूसी? गाड्यांचं प्रदूषण तपासणारी ही व्यवस्था जाळी फोडणाऱ्यांच्या सोयीची झाली आहे. पेट्रोल गाडीत मोजायचं काय तर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, गाडी एका जागी उभी असताना. बीएस-4 ला मर्यादा 0.3 टक्के आणि 200 पीपीएम. बीएस-2 आणि बीएस-3 ला 0.5 टक्के आणि 750 पीपीएम. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं मोजमापच नाही. म्हणजे जाळीच्या तीन कामांपैकी एक तपासलंच जात नाही. 2013 नंतरच्या बीएस-4 गाडीत निदानाचा सॉकेट स्टीअरिंगखाली बसवलेला आहे, जाळी ठीक आहे की नाही ते गाडी स्वतः सांगायला तयार आहे, आणि पीयूसीवाला तिकडे बघतही नाही. नळी सायलेन्सरच्या तोंडाशी नुसती टेकवून, नंबरप्लेटचा फोटो काढून कागद छापताना मी अनेकदा उभ्याने पाहिलं आहे. प्रमाणपत्र नसेल तर कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे. खोट्या प्रमाणपत्राची झळ मात्र छापणाऱ्याला लागताना मी पाहिलेली नाही.

उलट सरकारचा सगळा रोख गाडीच्या वयावर. दिल्लीत 15 वर्षं झालेली पेट्रोल गाडी रस्त्यावरून हटवायचे आदेश निघाले. महाराष्ट्रात 15 वर्षांनंतर पर्यावरण कर भरा आणि पुन्हा नोंदणी करा. जिवंत जाळीची, निगा राखलेली बारा वर्षांची गाडी पाच वर्षांच्या फोडलेल्या गाडीपेक्षा स्वच्छ असते. वय आरसी बुकावरून खुर्चीत बसून वाचता येतं, जाळी वाचायला गाडीखाली वाकावं लागतं. म्हणून वय वाचतात.

हे आजचं नाही. 1 एप्रिल 1995 ला चार महानगरांत शिसेमुक्त पेट्रोल आलं आणि नव्या गाड्यांना कॅटकॉन सक्तीचा झाला. शिसं जाळीचा थर कायमचा मारतं, आणि शिशाचं पेट्रोल देशभरातून बंद व्हायला फेब्रुवारी 2000 उजाडलं. मधली पाच वर्षं मुंबईची गाडी बाहेरगावी गेली की जे मिळेल ते पेट्रोल भरायची. मी 1996 ला शिकवायला लागलो तेव्हा वर्कशॉपमध्ये अशा मेलेल्या जाळ्या यायच्या आणि मोठे उस्ताद सांगायचे, हा डबा म्हणजे सरकारची कटकट, काढून फेका. पेट्रोल बदलून पंचवीस वर्षं झाली. उस्तादांचं वाक्य तेवढं पिढीजात उतरलं, आणि ते मोडून काढण्यात आम्ही शिकवणारे कमी पडलो, हे मला मान्य करावं लागतं.

जाळी आम्ही बदलली. बाजारात साडेसहा हजारांचा डबा मिळत होता. त्याच्यावर धातूचा थर इतका जेमतेम असतो, की काही महिन्यांत दिवा पुन्हा हजर होतो. ताईने मूळ कंपनीचा घेतला, 37,500 ला. काम माझ्या विद्यार्थ्यानेच केलं. आदल्या रात्री मॅनिफोल्डच्या गंजलेल्या स्टडांवर तेल सोडून ठेवलं, तरी एक तुटलाच. तो काढण्यात दोन तास गेले आणि त्याने घाई केली नाही. जुनं गॅसकेट परत वापरलं नाही, सिलिकॉन कुठे लावलं नाही, सेन्सरच्या आट्यांना ग्रीस लावताना टोकाला लागू दिलं नाही. उष्णतेचा पत्रा परत जागेवर बसवला, जो बहुतेक जण खडखड नको म्हणून फेकून देतात. नवी कॉइल आणि चारही प्लग आधी, जाळी नंतर. हा क्रम मी त्याला दोनदा म्हणायला लावला.

तीन दिवस गाडी रोज वापरून झाल्यावर संगणकाची स्वतःची चाचणी पूर्ण झाली. मिसिंग चारही सिलिंडरला शून्य. पेट्रोलच्या प्रमाणातली दुरुस्ती अधिक तीन टक्के. 2500 आरपीएमवर दाब एक पीएसआय. मागचा सेन्सर 0.68 व्होल्टवर स्थिर. हे चार आकडे मी विद्यार्थ्याला बिलावर लिहायला सांगितले. माझी मागणी एवढीच आहे, की कॅटकॉन बदलायचा असेल तर हे चार आकडे बदलण्याआधी एकदा आणि नंतर एकदा जॉबकार्डावर लिहिलेले असावेत, आणि नसतील तर गिऱ्हाइकाने सही करू नये.

ताई ते बिल घेऊन सर्व्हिस सेंटरला गेली, मी सोबत होतो. तिने काउंटरवरच्या मुलाला विचारलं, तुमच्या जॉबकार्डावर असे आकडे का नाहीत? त्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, आमच्या सिस्टीममध्ये त्याचा रकानाच नाही."

ताईने त्याच्याकडूनच पेन मागून घेतलं. 46,800 लिहिलेल्या त्या जुन्या जॉबकार्डाच्या पाठीमागे तिने चार रेघा मारून रकाने आखले, आकडे भरले, खाली सही केली, आणि कागद त्याच्यासमोर ठेवला.